गाळलेल्या जागा : हॉगवर्ट्‌सच्या अभ्यासक्रमाचा विचार

जे. के. रोलिंग यांच्या कादंबऱ्यांतील हॉगवर्ट्‌स या जादूविद्यालयाचा अभ्यासक्रम सात वर्षांचा आहे. मूल अकराव्या वर्षी तिथे दाखल होते आणि सतराव्या-अठराव्या वर्षी बाहेर पडते. सुरुवातीला सात विषय सक्तीचे असतात: रूपांतरण, मंत्रविद्या, काढे, वनस्पतिविद्या, खगोलशास्त्र, जादूचा इतिहास आणि काळ्या जादूपासून बचाव. पहिल्या वर्षी झाडूवर बसून उडायलाही शिकवतात. तिसऱ्या वर्षी भविष्यकथन, अंकविद्या, प्राचीन रूनलिपी, जादुई प्राण्यांची निगा आणि मगल-अभ्यास (म्हणजे जादू नसलेल्या माणसांची ओळख) हे ऐच्छिक विषय येतात. पाचव्या वर्षाच्या शेवटी ‘आउल’ आणि सातव्याच्या शेवटी ‘न्यूट’ अशा दोन मोठ्या परीक्षा होतात. सहाव्या वर्षी जादू मंत्रालयाचा माणूस येऊन बारा गॅलियन फी घेतो आणि एका जागी अंतर्धान पावून दुसरीकडे प्रकट होण्याची विद्या बारा आठवड्यांत शिकवतो. कादंबऱ्यांत दिसणारे वेळापत्रक इथे संपते.

या यादीत भाषा नाही आणि गणित नाही. साहित्य, संगीत, चित्रकला नाही. कायदा, राज्यव्यवस्था, नीतिविचार, अर्थव्यवहार, प्रथमोपचार यांपैकी काहीच नाही. निबंधांची लांबी चर्मपत्राच्या इंचांत आणि फुटांत मोजली जाते, पण निबंध कसा लिहावा हे कोणी शिकवत नाही. एका गॅलियनला सतरा सिकल आणि एका सिकलला एकोणतीस नट, असा हिशेबाला अवघड पैसा ज्या समाजात चालतो, तिथल्या शाळेत अंकगणिताचा तास नाही. अंकविद्या हा विषय आकड्यांवरून भविष्य पाहण्याचा आहे. पहिल्या वर्षाच्या आठ पाठ्यपुस्तकांत अ‍ॅडलबर्ट वॉफलिंग यांचे जादूच्या सिद्धांतावरचे पुस्तक असते, मात्र सिद्धांत या नावाचा तास कुठेच नाही. जादुई प्राण्यांचे पुस्तकही पहिल्याच वर्षी विकत घ्यावे लागते आणि प्राण्यांचा विषय येतो तिसऱ्या वर्षी, तोही निवडला तर.

कथेतल्या शाळेचे वेळापत्रक इतक्या बारकाईने का तपासायचे, हा प्रश्न रास्त आहे. कादंबरी ही शासकीय पाठ्यक्रम-पुस्तिका नसते. लेखिकेने जे सांगितले नाही ते त्या जगात अस्तित्वातच नाही, असे धरून चालणे वाचकाची चूक ठरू शकते. तरीही या शाळेच्या बाबतीत ही तपासणी फळते. सात पुस्तकांच्या कथानकाची गाठ वारंवार अशा ज्ञानाशी येऊन पडते, जे शाळेने शिकवायला हवे होते आणि शिकवलेले नाही.

अभ्यासक्रमातील अभावाचा विचार करायला शिक्षणशास्त्राने दोन उपयुक्त संकल्पना दिल्या आहेत. अमेरिकेतील फिलिप जॅक्सन यांनी १९६८ साली ‘लाइफ इन क्लासरूम्स’ या पुस्तकात छुप्या अभ्यासक्रमाची कल्पना मांडली. वर्गात रांग लावणे, वाट पाहणे, शिक्षकाची मर्जी ओळखणे या गोष्टी कोणत्याही पाठ्यपुस्तकात नसतात आणि मुले त्या सर्वांत पक्क्या शिकतात. एलियट आयस्नर यांनी १९७९ च्या ‘द एज्युकेशनल इमॅजिनेशन’मध्ये त्यापुढची पायरी गाठली. शाळा जे शिकवते त्याइतकाच, ती जे शिकवत नाही त्याचाही मुलांवर परिणाम होतो, असे त्यांचे म्हणणे होते. न शिकवलेल्या या भागाला त्यांनी शून्य अभ्यासक्रम म्हटले. एखादा विषय वेळापत्रकात नसला की मुलाला त्याची माहिती तर होत नाहीच, शिवाय तो विषय महत्त्वाचा नाही हेही त्याच्या मनात ठसते.

हॉगवर्ट्‌समध्ये दोन्ही अभ्यासक्रम ठळक आहेत. पहिल्याच रात्री डोक्यावर टोपी ठेवून मुलांची चार घरांत वाटणी होते. गुण आणि स्पर्धा घरांच्या नावाने चालतात. शौर्य एकाचे, महत्त्वाकांक्षा दुसऱ्याची, बुद्धी तिसऱ्याची आणि कष्ट चौथ्याचे, हा धडा कोणी शिक्षक देत नाही, पण सात वर्षांत तो मुलांच्या हाडीमांसी खिळतो. शून्य अभ्यासक्रमाचे उदाहरण त्याहून बोलके आहे. स्वयंपाकघरात शंभराहून अधिक घरकाम्या एल्फांची वेठबिगारी चालते. हर्मायनी ग्रेंजर ही विद्यार्थिनी शाळेचा हजारावर पानांचा इतिहास चाळते, तेव्हा त्यात एल्फांचा उल्लेख एकदाही नसल्याचे तिच्या लक्षात येते.

जादूची शाळा ही कल्पना रोलिंग यांच्या आधीची आहे आणि तिची मुळे इंग्लंडच्या निवासी शाळांच्या कथांत आहेत. टॉमस ह्यूज यांचे रग्बी शाळेवरचे ‘टॉम ब्राउन्स स्कूल डेज’ १८५७ साली आले. घर, वसतिगृह, खेळाची चुरस, दांडगट मोठा मुलगा, शहाणा मुख्याध्यापक हा सगळा साचा त्यात आहे. एनिड ब्लायटन यांच्या सेंट क्लेअर्स आणि मॅलरी टॉवर्स या १९४० च्या दशकात सुरू झालेल्या मालिकांनी मुलींच्या शाळांतला तो साचा जगभर पोहोचवला. या परंपरेत एक गोष्ट कायम आहे: कथेचे लक्ष वर्गाबाहेर असते. भूमितीच्या तासाला काय शिकवले, हे मॅलरी टॉवर्सच्या वाचकाला आठवत नाही. मध्यरात्रीची मेजवानी आठवते. हॉगवर्ट्‌सच्या अभ्यासक्रमातली काही भगदाडे या वारशातून आली आहेत आणि त्यांच्यासाठी रोलिंग यांना दोष देण्यात अर्थ नाही.

जादूची शाळा गंभीरपणे उभी करण्याचे काम अर्सुला ली ग्विन यांनी १९६८ च्या ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’मध्ये केले. रोक बेटावरच्या त्या शाळेत नऊ गुरू आहेत. एक वस्तूंची खरी नावे शिकवतो, एक वाऱ्याची विद्या, एक औषधी, एक रूप बदलण्याची कला. त्यांतला गायनगुरू वीरगाथा आणि जुनी गीते शिकवतो. म्हणजे रोकमध्ये साहित्य हा जादूचाच भाग आहे. जादूने जगाचा तोल ढळतो, म्हणून ती जपून वापरावी, हा नीतीचा धडाही तिथे वेगळा तास न लावता प्रत्येक विद्येत मुरलेला आहे. या शाळेचीही एक मोठी गाळलेली जागा होती: तिथे स्त्रियांना प्रवेश नव्हता. ली ग्विन यांनी ती स्वतःच ओळखली. १९९० च्या ‘टेहानू’मध्ये त्यांनी रोकच्या विद्येबाहेर राहिलेल्या बाईच्या नजरेने तेच जग पुन्हा पाहिले आणि २००१ च्या ‘टेल्स फ्रॉम अर्थसी’मध्ये त्या शाळेच्या स्थापनेत स्त्रियांचा वाटा होता, हे उलगडून दाखवले. अभ्यासक्रमातील उणीव लेखकानेच हेरून तिच्यातून नवे साहित्य उभे केल्याचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण आहे.

‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’नंतर जिल मर्फी यांची ‘द वर्स्ट विच’ ही मालिका १९७४ मध्ये सुरू झाली आणि १९९७ च्या जूनमध्ये हॅरी पॉटरचा पहिला भाग प्रकाशित झाला. सातवा भाग जुलै २००७ मध्ये आला. पुढच्या लेखकांनी हॉगवर्ट्‌स डोळ्यांपुढे ठेवून आपापल्या शाळा रचल्या. लेव्ह ग्रॉसमन यांच्या ‘द मॅजिशियन्स’मध्ये (२००९) जादू हे रुक्ष, बोटे दुखवणारे विद्यापीठीय शिक्षण आहे. नाओमी नोविक यांच्या ‘अ डेडली एज्युकेशन’मध्ये (२०२०) शाळेत शिक्षकच नाहीत आणि भाषा हा अभ्यासाचा कणा आहे; जितक्या भाषा येतात तितके मंत्र हाती लागतात. या कादंबरीच्या नायिकेच्या वडिलांचे घराणे मुंबईचे आहे आणि एक संस्कृत ग्रंथ तिच्या आयुष्याला वळण देतो. हॉगवर्ट्‌सचे मंत्र लॅटिनच्या धाटणीचे आहेत, पण तिथे लॅटिन कोणी शिकवत नाही. नोविक यांनी नेमकी हीच जागा भरली.

हॉगवर्ट्‌सवरच्या लेखनाचे स्थूलमानाने तीन प्रवाह दिसतात. पहिला प्रवाह साहित्यसमीक्षेचा. लाना व्हाइटेड यांनी संपादित केलेला ‘द आयव्हरी टॉवर अँड हॅरी पॉटर’ (२००२) आणि जिझेल लिझा अनातोल यांनी संपादित केलेला ‘रीडिंग हॅरी पॉटर’ (२००३) हे लेखसंग्रह मालिका पूर्ण होण्याआधीच आले. त्यांत शालेय कथेची परंपरा, वर्ग, वंश आणि सत्ता यांची चर्चा आहे. दुसरा प्रवाह कायदा आणि शासन यांच्या अभ्यासकांचा. बेंजामिन बार्टन यांनी २००६ मध्ये ‘मिशिगन लॉ रिव्ह्यू’त जादू मंत्रालयाच्या नोकरशाहीवर लेख लिहिला आणि २०१० मध्ये ‘द लॉ अँड हॅरी पॉटर’ हा लेखसंग्रह निघाला. ज्या शाळेत कायद्याचा तासच नाही, तिच्या जगावर विधिज्ञांनी ग्रंथ लिहावा, ही या क्षेत्रातली लक्षणीय गोष्ट आहे. तिसरा प्रवाह वाचकांनीच लिहिलेल्या कथांचा. एलिझर युडकोव्स्की यांनी २०१० ते २०१५ या काळात लिहिलेल्या दीर्घ कथेत हॅरी वैज्ञानिक पद्धतीने जादूची परीक्षा घेतो. जादू का चालते, हा हॉगवर्ट्‌समध्ये न विचारलेला प्रश्न तिथे केंद्रस्थानी आहे. या प्रवाहाकडे विद्यापीठांनी फार काळ दुर्लक्ष केले. वस्तुतः अभ्यासक्रमातील उणिवांची सर्वांत तपशीलवार नोंद याच वाचकांनी केली आहे.

या सर्व लेखनात एक गफलत वारंवार होते: सगळ्या उणिवा एकाच मापाने मोजल्या जातात. त्यांचे स्वरूप मात्र वेगवेगळे आहे. काही विषय कथेला नको होते म्हणून नाहीत. अंकगणिताचा तास दाखवून कथा पुढे सरकली नसती. काही विषय आहेत, पण मेलेले आहेत, आणि हे इतिहासाच्या बाबतीत शब्दशः खरे. प्रोफेसर बिन्स शिक्षकांच्या खोलीत शेकोटीपाशी झोपेत वारले आणि दुसऱ्या दिवशी देह मागे ठेवून, भूत होऊन, तासाला गेले. त्यांचा तास गॉब्लिनांच्या बंडांच्या सनावळ्यांत अडकून राहतो आणि वर्ग पेंगतो. त्या बंडांमागची कारणे मुलांपर्यंत पोहोचतच नाहीत.

काही ज्ञान जाणूनबुजून दडवलेले आहे. आत्म्याचे तुकडे करून वस्तूंत लपवण्याची, म्हणजे हॉरक्रक्सची विद्या शाळेत निषिद्ध आहे आणि तिची पुस्तके ग्रंथालयातून हलवली गेली आहेत. इथे शाळेची बाजू समजण्यासारखी आहे. पण पाचव्या पुस्तकात डोलोरेस अम्ब्रिज बचावाच्या तासात कांड्या पिशवीत ठेवायला लावते आणि मंत्रालयाने मंजूर केलेले पुस्तक मुकाट्याने वाचायला सांगते, तेव्हा दडपणुकीचा हेतू सत्तेचा असतो. या प्रसंगांमागे इंग्लंडमधील १९८८ चा शिक्षण सुधारणा कायदा, त्यातून आलेला राष्ट्रीय अभ्यासक्रम आणि १९९२ पासूनची ऑफस्टेडची शाळा-तपासणी यांची पार्श्वभूमी आहे. रोलिंग यांनी पोर्तुगालमधील पोर्तो शहरात इंग्रजी शिकवले होते आणि नंतर एडिंबरामध्ये शिक्षक-प्रशिक्षण घेतले होते. फाईल हातात घेऊन वर्गाच्या कोपऱ्यात उभा राहणारा तपासनीस त्यांच्या पिढीच्या प्रत्येक शिक्षकाच्या ओळखीचा होता.

बचावाच्या विषयाची अवस्था वेगळीच. शिक्षकाचे ते पद नाकारले गेल्यावर मालिकेचा खलनायक वोल्डेमॉर्ट याने त्याला शाप दिला आणि तेव्हापासून एकही शिक्षक वर्षापलीकडे टिकला नाही. हॅरीच्या काळात क्विरल, लॉकहार्ट, ल्युपिन, मूडीचे सोंग घेतलेला तरुण क्राउच, अम्ब्रिज, स्नेप आणि शेवटी अ‍ॅमिकस कॅरो असे सात जण येऊन गेले. विषय कागदावर सलग आहे, पण मुलाच्या हाती तुकडे येतात. शिक्षकांच्या बदल्यांचा फेरा पाहिलेल्या वाचकाला हे समजावून सांगावे लागत नाही.

मगल-अभ्यासाची कहाणी सर्वांत वेदनादायक आहे. जादूगारांच्या सभोवती कोट्यवधी मगल राहतात, आणि त्यांची ओळख करून देणारा विषय ऐच्छिक, दुय्यम, चेष्टेचा मानला जातो. पाचव्या वर्षी करिअरच्या माहितीपत्रकांत मगलांशी संपर्क ठेवण्याच्या नोकरीसाठी या विषयात फक्त एक आउल पुरते, हे वाचून हर्मायनी चकित होते. मगल वस्तूंच्या गैरवापरावर लक्ष ठेवणाऱ्या कार्यालयातले आर्थर वीझली प्रेमळ आणि जिज्ञासू आहेत, पण त्यांचे ज्ञान विजेच्या प्लगांच्या संग्रहाशी थांबते. हा विषय शिकवणाऱ्या चॅरिटी बर्बेज सातव्या पुस्तकाच्या सुरुवातीला मारल्या जातात. त्यानंतर वोल्डेमॉर्टची राजवट हाच विषय सर्वांना सक्तीचा करते आणि अलेक्टो कॅरो त्या तासाला मगल म्हणजे जनावरे असे शिकवते. शाळेने जी जागा रिकामी सोडली होती, ती द्वेषाने भरली.

ही ज्याची प्रस्तावना आहे त्या ग्रंथाचा मुख्य दावा इथून पुढे सुरू होतो. सातव्या पुस्तकातले यश-अपयश ज्या गोष्टींवर ठरते त्या पाहाव्यात. ‘टेल्स ऑफ बीडल द बार्ड’मधली तीन भावांची गोष्ट हॅरीचा मित्र रॉन याला पाळण्यातल्या वयापासून माहीत आहे, मगल घरांत वाढलेल्या हॅरी आणि हर्मायनीने ती कधी ऐकलेलीच नाही, कारण शाळेत साहित्य नाही. कांडी आपला मालक कसा बदलते, ही कांडीविद्या हॅरीला वर्गात कळत नाही. कैदेतून सुटलेले कांड्या बनवणारे ऑलिव्हँडर समुद्रकाठच्या घरात ती सांगतात. गॉब्लिनांच्या दृष्टीने वस्तू घडवणाऱ्याचीच राहते आणि विकत घेणारा ती हयातीपुरती वापरतो, हे रॉनचा भाऊ बिल वीझली ऐन वेळी समजावतो. ग्रिपहुक हा गॉब्लिन तलवार घेऊन निघून जातो त्याचे मूळ या भेदात आहे. इतक्या सनावळ्या पाठ करूनही मालकीच्या या कल्पनेचा पत्ता विद्यार्थ्यांना नसतो. एल्फांची जादू माणसांच्या जादूपेक्षा निराळी असते, म्हणून क्रीचर हा एल्फ वोल्डेमॉर्टच्या गुहेतून जिवंत परततो.

आता हा अभ्यासक्रम सर्वांत उत्तम रीतीने पचवलेला विद्यार्थी कोण, हे पाहावे. टॉम रिडल, म्हणजे पुढचा वोल्डेमॉर्ट, प्रीफेक्ट होता, हेड बॉय होता, शिक्षकांचा लाडका होता. शाळा सोडताना त्याने तिथेच शिकवण्याची नोकरी मागितली. वेळापत्रकात जे होते ते त्याला सगळे येत होते. त्याला आले नाही ते वेळापत्रकात नव्हतेच: एल्फांची विद्या, पोरांच्या गोष्टी, कांडीची निष्ठा, दुसऱ्यासाठी मरण पत्करणाऱ्याचे मन. तो हरतो तेव्हा नेमक्या याच अज्ञानाने हरतो. त्यामुळे हॉगवर्ट्‌सच्या अभ्यासक्रमातील पोकळ्यांना लेखिकेचा विसर म्हणून बाजूला सारता येत नाही. काही ठिकाणी विसर आहे, हे मान्य करूनही, कथेचा कस याच पोकळ्यांत लागतो.

याच्या उलट बाजूचे म्हणणेही ग्रंथात आहे आणि ते वजनदार आहे. वर्गात न मिळालेले ज्ञान मुले वर्गाबाहेर मिळवतात, हे या मालिकेचे सामर्थ्य असल्याचे अनेक अभ्यासक मानतात. निकोलस फ्लेमेल कोण, हे शोधायला तीन अकरा वर्षांची मुले ग्रंथालय पालथे घालतात. बकबीक या जादुई प्राण्याचा जीव वाचवण्यासाठी तेरा वर्षांची मुले जुने निवाडे शोधून बचाव तयार करतात. पॅट्रोनस हा संरक्षक मंत्र ल्युपिनकडून खासगीत शिकला जातो, आणि अम्ब्रिजच्या काळात मुले स्वतःच गुप्त वर्ग काढून एकमेकांना शिकवतात. तो वर्ग या मालिकेतला सर्वोत्तम वर्ग आहे. पण या वाटेने ज्ञान कोणाला मिळते, हे विसरून चालणार नाही. हॅरीला मुख्याध्यापक डम्बलडोर आहेत, हर्मायनीला अफाट वाचनशक्ती आहे. ज्याला दोन्ही नाही, अशा सामान्य विद्यार्थ्याला अनौपचारिक शिक्षणाचा आधार नाही. पंधरा वर्षांच्या हॅरीवर विझेनगामोट या जादूगारांच्या पूर्ण न्यायालयापुढे खटला चालतो, तेव्हा जिवावर बेतले असता अल्पवयीनालाही जादू करता येते, हे कलम त्याच्या वतीने डम्बलडोर सांगतात. डम्बलडोर पाठीशी नसलेल्या मुलाला ते कलम कोणी सांगितले असते? शाळेने कायदा शिकवायचा तो अशा मुलासाठी.

आज हा विषय पुन्हा हाती घेण्याचे कारण असे, की हॉगवर्ट्‌स वाचत वाढलेली पहिली पिढी आता शिक्षक आणि पालक झाली आहे. शाळा म्हटले की तिच्या मनात जी चित्रे येतात, त्यांत ही शाळा आहे. आपल्या मुलांच्या अभ्यासक्रमात काय असावे, याचा वाद ही पिढी घालते तेव्हा पाठ्यपुस्तकात काय आले याची चर्चा खूप होते, काय गळले याची कमी. कल्पित शाळेवर हा विचार मोकळेपणी करता येतो. तिथे कोणाची नोकरी, कोणाचा पक्ष, कोणाचे प्रकाशन मध्ये येत नाही.

प्रस्तुत ग्रंथ सात कादंबऱ्यांपुरताच मर्यादित आहे. चित्रपट, नाटक, संकेतस्थळांवर नंतर आलेली माहिती आणि लेखिकेच्या मुलाखती यांचा आधार मुद्दाम घेतलेला नाही. वाचकाच्या हाती जे पुस्तक पडले त्यातली शाळा हाच अभ्यासाचा विषय आहे, आणि नंतर पुरवलेल्या खुलाशांनी आधीच्या पोकळ्या बुजवणे हे अभ्यासाला मारक ठरते. प्रत्येक उणीव मांडताना ती कथेची गरज, परंपरेचा वारसा, शाळेची उपेक्षा की सत्तेची दडपणूक, हे वेगळे करण्याचा प्रयत्न आहे. सगळीकडे ते जमलेले नाही. गॉब्लिनांच्या इतिहासाबाबत उपेक्षा कुठे संपते आणि दडपणूक कुठे सुरू होते, हे सांगणे अवघड आहे आणि तिथे दोन्ही शक्यता उघड्या ठेवल्या आहेत.

विषयांच्या नावांबद्दल थोडे. ‘काढे’ हा शब्द मराठी घरांत औषधाचा आहे आणि स्नेपच्या तळघरातील कढयांत जे शिजते ते बऱ्याचदा विषारी असते, तरी उकळणे, गाळणे, वेळ सांभाळणे ही कृती काढ्याचीच असल्याने तो शब्द राखला. पहिल्या पुस्तकाच्या मराठी अनुवादाच्या शीर्षकात ‘परीस’ आहे. मराठी परंपरेतला परीस लोखंडाचे सोने करतो, फ्लेमेलचा दगड अमरत्वही देतो. अर्थाचा हा फरक लक्षात ठेवून ग्रंथात दोन्ही ठिकाणी परीस हाच शब्द वापरला आहे. मगल, एल्फ, गॉब्लिन ही नावे मराठी वाचकांना आता सवयीची झाली असल्याने ती बदललेली नाहीत.